बाल्कनीतला भपका

सेक्रेटरी : काका, आधी ती बाल्कनीतली रोषणाई बंद करा. समोरच्या बाई म्हणताहेत, त्यांच्या बेडरूमची भिंत घटकेत हिरवी होते, घटकेत जांभळी.

काका : निळीही होते. तोवर त्या तुम्हाला फोन करायला उठल्या असतील. बसा.

सेक्रेटरी : बसायला नाही आलो. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून आलोय.

काका : सेक्रेटरींनाही गुडघे असतात. चहा गाळलाय.

सेक्रेटरी : दोन कप? मी येणार हे कसं कळलं तुम्हाला?

काका : माळांचं तोंड बाईंच्या खिडकीकडे वळवलं आणि आधण ठेवलं.

सेक्रेटरी : म्हणजे मुद्दाम. मग ते दारातलं कारंजं? आणि त्याआधीची ती गाणारी बेल?

काका : कारंज्यासाठी तुम्ही दोनदा आलात. बेल वाया गेली. ती वाजवायलाच कोणी येईना.

सेक्रेटरी : लोक हसतात हो. या वयात काय हा भपका.

काका : फोटो बघून मुलगाही हेच म्हणाला. ही असती तर घरात एक बल्ब जास्तीचा लागू दिला नसता तिनं. पण ही असती तर मला तरी कशाला लागला असता?

सेक्रेटरी : साखर अगदी बेताची आहे.

काका : मागच्या खेपेला तुम्हीच म्हणालात, डॉक्टरांनी कमी करायला सांगितलीय.

सेक्रेटरी : काका, एक सांगायचं राहिलं. पुढच्या महिन्यापासून तक्रारी ॲपवर घेणार आहोत. नोटीसही मोबाइलवरच येईल. मला उगाच जिने चढायला नकोत.

काका : म्हणजे तुम्ही येणार नाही.

सेक्रेटरी : यायचं कारणच उरत नाही.

काका : हं. नोटीस चहा घेते का?

सेक्रेटरी : माळा उतरवा, काका.

काका : उतरवतो. आता ठेवून तरी काय करू? फक्त शिडी धरायला कोणीतरी लागेल.

सेक्रेटरी : लावल्या कोणी?

काका : इलेक्ट्रिशियननं. दुपारभर होता, सासुरवाडीचं सगळं सांगून गेला. पण काढायला तो नको. एका हिसक्यात ओढेल आणि निघून जाईल.

(सेक्रेटरी बाल्कनीत जाऊन बटण बंद करतो. खोलीतले रंग जातात.)

सेक्रेटरी : आहेत तरी किती या?

काका : बऱ्याच आहेत.

सेक्रेटरी : रविवारी येतो. शिडी मी धरतो.

काका : सकाळी लवकर आलात तर जेवायच्या आत सगळ्या निघतील.

सेक्रेटरी : एवढी घाई कशाला? एका रविवारी एक.