मोठ्या फायलींची सोय

मोठ्यांसाठी जागा करून देणं हे सुसंस्कृतपणाचं लक्षण आहे, असं तिकिटाच्या रांगेत पुढच्या जोडप्याचं बोलणं ऐकेपर्यंत मी मानत होतो.

“साहेबांची फाईल जाईना, म्हणून काल लिनक्स सर्व्हरवर मेलची मर्यादा वाढवली. शंभर एमबी.”

“मग एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा का?”

“मेलबॉक्सची पन्नासच राहिली. पत्रापेक्षा पेटी लहान! असं असलं की सर्व्हर सगळंच टपाल अडवतो. आता लहानमोठा एकही मेल पोचत नसणार.”

“हे आत्ता आठवलं?”

“रांगेत डोकं मोकळं असतं.”

“म्हणजे तुम्ही परत ऑफिसला. आईकडे पुन्हा मी एकटीच!”

“थांब, साहेबांचाच फोन... हो सर. बरं सर.”

“काय म्हणाले?”

“निवांत जा म्हणाले. सकाळपासून एकही तक्रार नाही.”

“तक्रार कशी करतात?”

“मेलनं.”

बाईंनी खिडकीवर दोन तिकिटं मागितली.