दुसरी सही

भाऊजी : अजून आत. मनगट वळव. नट लागला का हाताला?

धाकटी : लागला, पण पाना फिरत नाही. भाऊजी, तुमच्या या विमानाच्या पंखात माणसाच्या पोटापेक्षा कमी जागा आहे.

भाऊजी : तू कधी घातलास पोटात हात? तू तर नर्स.

धाकटी : घालणाऱ्यांच्या शेजारी तीस वर्षं उभी होते, तेवढं पुरतं. धरा खालून, सगळंच गोल फिरतंय.

भाऊजी : धरलाय प्रोब. अर्धा फेरा अजून. बस, बस. जास्त आवळू नकोस.

धाकटी : थांबा. आत काहीतरी लिहिलंय, पेन्सिलनं. टॉर्च द्या... "कड धारदार आहे. हात सांभाळा." ताईचं अक्षर.

भाऊजी : माझा हात त्या भोकातून जात नाही. पंखातलं सगळं तीच करायची.

धाकटी : मग हे "सांभाळा" कुणाला?

भाऊजी : माहीत नाही. मला ते आजवर दिसलंच नव्हतं.

धाकटी : हं. झाला घट्ट. आता सांगा, हे बोंडलं करतं काय?

भाऊजी : बोंडलं काय म्हणतेस, प्रोब आहे तो! रविवारी पहिल्यांदा उडणार ना मी, तेव्हा यावरच भरवसा. दोन भोकं बघ, एक समोर, एक खाली तिरकं. विमानाचं नाक फार वर गेलं की खालच्या भोकावर दाब वाढतो. मग कॉकपिटमधला दिवा हिरव्याचा पिवळा, पिवळ्याचा लाल. लाल झाला की समजायचं, पंख आता उचलायचं सोडणार.

धाकटी : आणि सोडलं की?

भाऊजी : उंची असेल तर सावरता येतं. उतरताना ती नसते.

धाकटी : म्हणजे माझं काम, पंखाला इंजेक्शन.

भाऊजी : सुई नको. सिरिंजची रबरी नळी खालच्या भोकावर टेकव आणि हवा हळू दाब. मी आत बसून दिवा बघतो.

धाकटी : दाबतेय... अर्धी संपली. झाला का लाल?

भाऊजी : हिरवाच आहे. तू समोरचं भोक धरलंयस.

धाकटी : खालचं धरलंय.

भाऊजी : नीट बघ गं.

धाकटी : पेशंट कोण आणि औषध कोणतं, हे दोनदा बघितल्याशिवाय मी कधी टोचलं नाही. खालचंच आहे. आता समोरच्यावर दाबून बघते. भाऊजी? काय झालं?

भाऊजी : लाल.

धाकटी : म्हणजे उलटं.

भाऊजी : भोकांपासून दिव्याकडे जाणाऱ्या नळ्यांची अदलाबदल झालीय.

धाकटी : म्हणजे रविवारी उतरताना नाक वर गेलं असतं, आणि तुमच्या समोर हिरवा दिवा.

भाऊजी : हो.

धाकटी : कामाच्या नोंदींची वही द्या.

भाऊजी : वही कशाला? नळ्या बदलतो, पाच मिनिटांचं काम आहे.

धाकटी : ताई सांगायची मला. एकानं काम करायचं, दुसऱ्यानं तपासायचं, दोघांच्या सह्या. वही द्या.

(वहीची पानं उलटल्याचा आवाज.)

धाकटी : हे बघा. "दोन्ही नळ्या पंखातून ओढून खुणा केल्या. काम करणार, तुम्ही. तपासणार, ताई." तिची सही. तारीख वाचू?

भाऊजी : नको.

धाकटी : या तारखेला तिला जाऊन तीन आठवडे झाले होते.

भाऊजी : दुसरा रकाना रिकामा दिसायचा गं.

धाकटी : आणि तपासलं कुणी?

भाऊजी : पूर्वी मी पंखाकडून नळीत फुंकायचो. ती आत बसून दुसरं टोक गालाला लावायची. हवा लागली की "आली" म्हणायची आणि त्या टोकाला नेलपॉलिशचा ठिपका द्यायची. या वेळी मी इकडून फुंकलं आणि धावत तिकडे गेलो. तोवर हवा कसली थांबतेय!

धाकटी : मग ठिपका?

भाऊजी : अंदाजानं लावला.

धाकटी : मला फोन करता येत नव्हता?

भाऊजी : काय सांगणार होतो? नळीत फुंकायला ये म्हणून?

धाकटी : हो. एवढंच सांगायचं. तेव्हा मी घरात दिवसभर टीव्ही लावून बसत होते, आवाज बंद करून. अशा किती सह्या केल्यात?

भाऊजी : एक्केचाळीस.

धाकटी : मोजल्यात?

भाऊजी : दर वेळी कळत होतं ना, काय करतोय ते.

धाकटी : रविवार रद्द. विमान बघायला येणार होते त्या तपासनिसांना फोन करून सांगा. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस कामं उघडून बघायची.

भाऊजी : दोन-तीन महिने जातील. अर्धी तर आतली आहेत, तुझ्या हाताची.

धाकटी : जाऊ देत. मला तरी कुठे जायचंय?

भाऊजी : आणि या सह्या? वर पांढरा रंग लावून टाकू?

धाकटी : अजिबात नाही. एकच आडवी रेघ. शेजारी माझी सही आणि ज्या दिवशी तपासू ती तारीख. वॉर्डात नोंद चुकली की आम्ही असंच करायचो. खालचं वाचता आलं पाहिजे.

भाऊजी : येईल वाचता?

धाकटी : येईल. चला, समोरच्या भोकाची नळी मी प्रोबवरून काढलीय. तुम्ही तिकडची टोकं सोडवा आणि एकेक गालाला लावा.

भाऊजी : सोडवली. पहिलं लावलंय.

धाकटी : फुंकतेय. आली?

भाऊजी : नाही.

धाकटी : दुसरं लावा. आता?... भाऊजी? इकडे ऐकू येत नाही, मोठ्यानं सांगा.

भाऊजी : आली.