श्रावणीचा गलास

आमी मूळचे ताडकळसचेच. बापाचं काम भांड्यावर नावं टाकायचं, तेच माझं. बाप छन्नी-हातोडीनं एकेक ठोका देत अक्षर काढायचा, मी मशिनीनं काढतो, एवढाच काय तो फरक. बाजाराच्या दिवशी इथं बसतो, लगनसराईत परभणीला भांड्याच्या दुकानापुढं. लगनाचं भांडं म्हनलं की नाव पायजेच, मामानं दिलं तर मामाचं, मावशीनं दिलं तर मावशीचं. किती लोकाचे संसार माझ्या हातानं लिवले, काय सांगू तुमाला ताई, आन माझाच टिकला न्हाई.

बायको वैशाली, चुडाव्याची. बाई चांगली, हे मी आज बी म्हनतो. मी कदी दारू पेलो न्हाई, हात उचलला न्हाई, पर तोंड लय वाईट माझं. राग आला की समोर कोन हाय ते बघत न्हाई. ती शिवणकाम करायची, म्हनायची परभणीला खोली करू, पोरीला चांगली शाळा मिळंल, आन मी म्हनायचो तुला जायचं तर तू जा. धा वेळा म्हनलो, अकराव्या वेळेला ती खरंच गेली, पोरीला घेऊन माहेरी. मंग कोर्टाच्या तारखा, आन शेवटी फारकत.

फारकत झाल्यावर भांडे न्यायला तिचे भाऊ टेम्पो घेऊन आले, संगं वैशाली आन पोरगी. आमच्याकडं रीत अशी, भांड्यावर ज्याच्या मानसाचं नाव, त्याचं ते भांडं. चार मानसं बसवली, पर नावं वाचायची कोनी? मी तर म्हनलो मी हात लावनार न्हाई. म्हाताऱ्यांकडं चष्मे न्हाईत, आन तिच्या भावांनी वाचलं तर आमच्याकडचे मानायचे न्हाईत. तवा मेव्हणा म्हनला श्रावणी वाचंल की, तिसरीत हाय, फडाफडा वाचती. श्रावणी म्हंजे आमची पोरगी. आन ताई, तेवढ्या शहाण्या मानसांत एकाला बी वाटलं न्हाई का हे काम लेकराला लावू नये. उलट कौतुक करायले, वा, काय वाचती.

पोरगी बी खूश. पातेलं उचलायची, नाव वाचायची, म्हनायची आईचं. परात उचलायची, वाचायची, पप्पाचं. दोन ढीग झाले, ही मधी बसलेली. शेवटाला तिचा गलास आला, स्टीलचा, बारशाला मी आनलेला. त्याच्यावर नुसतं श्रावणी आन खाली एक फूल, माझ्याच हातचं. ती म्हनली पप्पा, हा कुनीकडं ठेवू? मी रागात, टेम्पोकडं बघायलो होतो, तसाच पाठमोरा वरडलो, ठेव कुनीकडं बी.

तिनं गलास दोन ढिगाच्या मधी भुईवर ठेवला, आन उठून टेम्पोत जाऊन बसली. मागं वळून बघितलं न्हाई.

तवापासून महिन्यातून दोनदा मी चुडाव्याला जायचो, तशी कोर्टानं मुभा दिलेली. खाऊ नेला, सायकल नेली. पोरगी समोर बसायची, हो म्हनायची, न्हाई म्हनायची, पर पप्पा म्हनून हाक न्हाई. दीड वर्स, ताई. एका हाकंसाठी मी झुरलो.

मंग परभणीची कालेजातली पोरं तिच्या शाळंत आली, शॉर्ट फिलिम करायला, आईबाप येगळे झालेल्या लेकराची. शाळंतल्या बाईंनी श्रावणीला पुढं केलं. मला काईच ठाव नव्हतं. एक दिवस वैशालीचा फोन आला, म्हनली श्रावणीची फिलिम परभणीला दाखवनार हायत, पोरगी म्हनती पप्पाला बी बोलवा. मी इस्तरीचा सदरा घालून गेलो, लय आनंदात.

हॉलमधी अंधार झाला आन पडद्यावर माझी लेक, दोन ढिगाच्या मधी बसलेली, भांडे वाचायली. त्या पोरांनी तिला इचारलं होतं, तुला कोनता दिवस सगळ्यात जास्त आठवतो, आन तिनं हा सांगितला. बाप झालेला मानूस कोनीतरी जाड मिशीचा. पोरीनं गलास वर धरून इचारलं, हा कुनीकडं ठेवू, आन तो पाठमोराच म्हनला ठेव कुनीकडं बी. मी मान खाली घातली, डोळ्याचं पानी थांबना. ती गलासाचं इचारत नव्हती ताई, सोताचं इचारत होती. हे कळायला मला फिलिम बघावी लागली.

भायेर आल्यावर ती जवळ आली. मी म्हनलो बाळा, माझं चुकलं. ती म्हनली पप्पा, तुमी लय जोरात वरडले होते, मी फिलिमवाल्या दादाला सांगितलं होतं, पर तो म्हनला हळूच ऱ्हाऊ दे. दीड वर्सानं पप्पा म्हनली, आन म्हनली ते हे.

आता एका ऐतवाराआड ती ताडकळसला येती. पहिल्यांदा आली तवा मी नवा गलास आनला, मशीन चालू केली, म्हनलो बघ, मोठं फूल काढतो. तिनं गलासावर हात ठेवला. म्हनली पप्पा, नाव नका टाकू. नाव नसलं की कुनी न्यायला येत न्हाई.

मी मशीन बंद केली. जलमभर दुसऱ्याची नावं टाकली, माझ्या घरात तेवढा एकच गलास कोरा हाय. मी रोज घासून ठेवतो. ती येती, त्यात पानी पिती, आन सांजच्या एसटीनं आईकडं जाती. तिला गाडीत बसवताना मी म्हनतो, सुखात ऱ्हा बाई. कुनीकडं बी ऱ्हा, ते माझ्या तोंडातून निघत न्हाई.