मीराबाईंचा बधिर ओठ

दवनीवाड्याच्या मीराबाईंचा जबडा मोडला, तेव्हा ओठाची नस तुटली होती. ती मी शिवली. पण ओठ बधिरच राहिला. जेवताना भात ओघळला तरी कळेना, म्हणून बाई चारचौघांत जेवेनात.

दर महिन्याला डोळे मिटायला लावून मी त्यांच्या ओठावर कापूस फिरवायचो. "समजते काय?" विचारलं की "हो जी." मी खूश. एकदा मुद्दाम कापूस लावलाच नाही, तरी "हो जी."

"खोटं काऊन बोलता, बाई?"

"तुमी एवढी मेहनत करून राह्यले. तुमाले वाईट वाटन म्हणून."

सहाव्या महिन्यात टाचणीचं टोक हलकेच टेकवलं, तर त्यांनी माझा हातच झटकला. "टोचते ना जी." मग डोळे उघडून त्यांनी ओठाला बोट लावून पाहिलं.

"पुन्हा एकदा टोचा," म्हणाल्या.