पावलांनी मोजलेलं मैदान

क्लीओटिस : ये, असा माझ्याजवळ उभा राहा, लमार. गवतात आणखी आत शिरू नकोस. तुझी तबकडी शोधता शोधता तुला एक गोष्ट सांगतो. तुमच्या मेंफिस शहरात तुला अशी गोष्ट कुणी सांगणार नाही.

लमार : गोष्ट राहू द्या, मामा, विळा द्या. तिसऱ्याच टोपलीला दुसरी तबकडी गेली. तबकडी फेकून टोपलीत पाडायची असते, गवतात पुरायची नसते. हे डिस्क गोल्फचं मैदान आहे की गुरांचं कुरण?

क्लीओटिस : कुरणच होतं आधी. आणि गवत कापलंय की, जूनमध्ये.

लमार : कुठल्या सालच्या?

क्लीओटिस : बोल, बोल. तुझी आईही अशीच. माझ्या घरी जेवायला आली की आधी ताटावरून बोट फिरवून बघायची.

लमार : आणि हे काय पायाखाली? तबकडी फेकायला उभं राहतात ते सिमेंटवर. सगळ्या जगात सिमेंटवर. तुम्ही लाल गालिचा अंथरलाय!

क्लीओटिस : चर्चमधला जुना, वेदीसमोरचा. त्याच्यावर माझं लग्न लागलंय, जरा बेताने पाय दे.

लमार : कुजलाय तो. मी घसरून पडलो तर माझी शवपेटीही याच्यावरच ठेवा. चौथी टोपली कुठाय?

क्लीओटिस : ती काय, ओकच्या मागे. तिच्यात हात घालू नकोस. गांधीलमाशा आहेत.

लमार : मग तबकडी काढायची कशी?

क्लीओटिस : काठी ठेवलीय ना तिथे.

लमार : सोय आहे म्हणायची! आणि पाचवी?

क्लीओटिस : ते पिंप.

लमार : तेलाचं पिंप?

क्लीओटिस : टोपली कुणीतरी भंगारात नेऊन घातली. पिंपाचं कसं आहे, पडली की पडली, वाद नाही. टोपलीवरच्या साखळ्यांना लागून बाहेर उडाली वगैरे भानगड नाही.

लमार : मामा, खरं सांगा. असल्या उकिरड्यावर आमच्या क्लबाचा ऑक्टोबरचा सामना घ्या, हे सांगायला तुम्ही मला दीड तास गाडी चालवत बोलावलंत?

क्लीओटिस : हो. सोमवारी चर्चचे विश्वस्त या जमिनीचं ठरवायला बसणार आहेत. सामना इथे होणार असं मला तिथे सांगता आलं, तर जमीन राहते. नाहीतर मंगळवारी नांगर. सोयाबीन लावायचंय त्यांना.

लमार : सोयाबीन या मैदानापेक्षा बरं दिसेल.

क्लीओटिस : नवे पाळकही हेच म्हणाले. तो पोरगा उपदेश कागदावरून वाचतो, लमार. कागदावरून! पान उलटताना बोटाला थुंकी लावतो. मागच्या रविवारी दोन पानं एकदम उलटली, मोशे समुद्राकाठी आला तो थेट डोंगरावर. कुणाला पत्ता नाही. सगळे झोपले होते.

लमार : तुम्ही जागे होतात वाटतं?

क्लीओटिस : मला राग आला की झोप येत नाही. फेक आता. सहावी. पाटी वाच.

लमार : एकशे ऐंशी फूट. ही तर डोळे मिटून टाकतो.

(तबकडी झुडपात पडल्याचा आवाज.)

क्लीओटिस : मिटलेच होतेस का?

लमार : हात नीट बसला नाही. गालिचा सरकला.

क्लीओटिस : असेल. तू राज्यात तिसरा आलेला माणूस, तुझं कसं चुकेल? सातवीला ये. ही ओढ्यापलीकडची, चढावर. दोनशे चाळीस.

लमार : दोनशे चाळीस मी न्याहारीआधी टाकतो. बघा... हे काय?

क्लीओटिस : ओढा.

लमार : ओढा आहे ते मला दिसतंय! मी बरोबर दोनशे चाळीसची फेक केली. मोजून. माझा हात चुकत नाही, मामा. थांबा, फोनवर मोजतो... तीनशे अठरा! तीनशे अठरा फूट आहे हे! कुणी मोजलं? कोण आंधळा होता तो?

क्लीओटिस : तोंड सांभाळ. टिल्मनसाहेबांनी मोजलं, आपल्या आधीच्या पाळकांनी. पावलांनी. एक पाऊल म्हणजे तीन फूट. मी मागून पावलं मोजत होतो आणि पाट्या मीच रंगवल्या. ऐंशी पावलं. ऐंशी त्रिक दोनशे चाळीस.

लमार : थांबा, मागच्याही फोनवर बघतो... मग पहिली टोपली बरोबर कशी? दुसरीही बरोबर. सहावी वीस फूट चुकलीय, सातवी जवळजवळ ऐंशी. चालता चालता पाय वाढले का त्यांचे?

क्लीओटिस : गात होते ते.

लमार : काय?

क्लीओटिस : रविवारचा उपदेश चालता चालता घोळवत होते. त्यांची पद्धत तुला माहीत नाही, तू लहान होतास. सुरुवात अगदी हळू, शेजाऱ्याशी बोलल्यासारखी. मग एकेक शब्द ओढून धरायचे. मग आवाज चढायचा. गाणं कधी सुरू झालं ते कळायचंच नाही, आपण उभे राहिलेलो असायचो आणि टाळ्या वाजत असायच्या. या सातव्यापाशी ते भरात आले होते. कोट उडत होता. मला मागून पळावं लागत होतं.

लमार : आणि तुम्ही पळत पळत ऐंशी मोजलीत.

क्लीओटिस : ऐंशीच होती! मी चुकलो नाही. पावलं... लांब पडली असतील.

लमार : असतील! हरणाच्या उड्या होत्या त्या.

क्लीओटिस : चौदा वर्षं, लमार. चौदा वर्षं माझी तबकडी या ओढ्यात पडतेय आणि मला वाटायचं माझा हात आखूड पडतोय. बायकोला म्हणायचो, म्हातारा झालो बघ.

लमार : म्हणजे सगळं गाव चौदा वर्षं ओढ्यात.

क्लीओटिस : टिल्मनसाहेबसुद्धा. मागच्या हिवाळ्यात गेले, तोवर दर शनिवारी बूट हातात घेऊन उतरायचे. म्हणायचे, प्रभू नम्र करतोय.

लमार : मामा, असल्या आकड्यांवर सामना होत नसतो.

क्लीओटिस : मी आज सगळ्या पाट्या नव्याने रंगवतो. तू आकडे सांग. गवत कापतो, गालिचे काढतो. माझ्या गुडघ्यांकडे बघू नकोस, मी करतो. त्यांच्या हातचं दुसरं काहीच उरलं नाही रे. उपदेश कुणी लिहून ठेवले नाहीत, ते लिहिण्यासारखे नव्हतेच. हे चालणं तेवढं राहिलंय जमिनीवर.

लमार : गवत कापा. गांधीलमाशा हलवा. पाट्यांना हात लावायचा नाही.

क्लीओटिस : का?

लमार : आमच्या क्लबात प्रेस्कॉट म्हणून एक आहे. अठ्ठावीस तबकड्या, चाकांची पिशवी, हातमोजे. पाटी वाचल्याशिवाय मनगट हलवत नाही. तसले अकरा जण आहेत. आकडा दिसला की डोकं बंद. मला त्या अकराही जणांना या ओढ्यात गुडघाभर उभं बघायचंय.

क्लीओटिस : म्हणजे सोमवारी मी...

लमार : सांगा विश्वस्तांना. सामना इथेच. पण मैदान भिकारच आहे, मामा. असलं भिकार मी उभ्या जन्मात बघितलं नाही. ते लोक पोट धरून हसतील.

क्लीओटिस : हसू देत. मलाही हसूच येईल. तू एकच कर. टिल्मनसाहेबांचं नाव कुठल्याच पाटीवर नाही, त्यांनी मला लिहू दिलं नाही. तुझी माणसं ओल्या बुटांनी शिव्या देत वर चढून आली, की त्यातली एखादी शिवी ओबदाया टिल्मन या नावाने पडू दे. तेवढी आठवण ठेव.