बंद पडलेलं आणि बंद केलेलं

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे मालक. त्यांच्या शेजारी बसलेले व्यवस्थापक साहेब. व्यासपीठावरची पाहुणे मंडळी. जिच्यासाठी आज आपण सारे जमलो ती आमची अक्का. तिच्यासोबत आलेली तिची लेक. आणि कारखान्यातल्या माझ्या भावाबहिणींनो,

ज्या उंच मेजामागे मी उभा आहे, ते मी केलंय. अक्काला आत्ता दिलेल्या मानपत्राची चौकट माझ्या हातची. पहिल्या रांगेतल्या अकरा खुर्च्या माझ्या. बारावी करकरते, ती विकतची. शाळा आठवीत सुटली, पुढचं मी लाकडाकडून शिकलो. एक खोड मात्र तेव्हापासूनची आहे. केलेल्या प्रत्येक वस्तूच्या पोटाशी पेन्सिलीने तारीख लिहितो. विश्वास नसेल तर कार्यक्रम संपल्यावर खुर्ची उलटी करून बघा. आधी उठा, म्हणजे झालं.

आणि या सगळ्यांच्या कडा ज्यावर गोल झाल्या, ते राउटरचं टेबलही मीच केलं. पाहुण्यांसाठी सांगतो, घरात इंटरनेट देतो तो राउटर हा नव्हे. हा लाकडाच्या कडा कोरतो. त्याला टेबलाखाली उलटा टांगायचा, पातं भोकातून वर येतं आणि मिनिटाला बावीस हजार फेरे घेतं. तयार टेबल बाजारात मिळतं. पण जे आपल्याला करता येतं ते विकत कशाला आणायचं, हा माझा बाणा. समोरची पट्टी अखंड सागाची, सव्वाचार फूट, गाठ म्हणून नाही. बटण मात्र मागच्या पायावर, जमिनीपासून फूटभर उंचीला. साधंच, घरातल्या पंख्याला असतं तसं.

अक्का म्हणायची, "इंजिनियर, बटण पुढे घे रे. किती वाकायचं माणसानं?" मी इंजिनियर नाही हे तिला पक्कं ठाऊक. चिडवायची.

मी म्हणायचो, "पुढे घ्यायचं तर पट्टीला भोक पाडावं लागेल, अक्का. रूप जाईल तिचं."

"बरं बाबा. तुझ्या पट्टीचं रूप राहू दे, माझे गुडघे जाऊ देत."

हसा, हसा. तेव्हा मीही हसलो होतो.

अक्काचा हात तुमच्यापैकी ज्यांनी कामात पाहिला असेल त्यांना मी काय सांगू? बावीस वर्षं. कड तयार झाली की डोळे मिटून तिच्यावर तळहात फिरवायची आणि म्हणायची, "इथे खरखरतंय." माझ्या मोजपट्टीला जे दिसत नसे, ते तिच्या बोटांना लागायचं. आणि कोणत्याही मशीनजवळ गेली की पहिला प्रश्न, "बंद आहे ना?" आम्ही थट्टा करायचो, अक्का भिंतीवरचं घड्याळसुद्धा विचारून पुसते म्हणून.

आता मुद्द्यावर येतो. दिवस सोमवारचा, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. टेबलावर मी होतो. मध्येच लाईट गेली. पातं थांबलं. मी फळी बाजूला ठेवली आणि वाऱ्यासाठी दारात जाऊन उभा राहिलो. बटण बंद करायला वाकायला हवं होतं. मी वाकलो नाही. मागून अक्का ब्रश घेऊन आली. पात्याभोवती भुसा दाटला होता.

"इंजिनियर, बंद आहे ना?"

मी वळूनही पाहिलं नाही. म्हटलं, "बंद आहे, अक्का."

मी खोटं बोललो का, तुम्हीच सांगा. मशीन बंद नव्हतं का? होतं. पण ते बंद पडलेलं होतं, बंद केलेलं नव्हतं. आपण बोलताना दोन्हीला 'बंद'च म्हणतो. फरक कळतो तो लाईट परत आल्यावर.

लाईट आली. उजव्या हाताची दोन बोटं, दुसऱ्या पेरापासून.

व्यवस्थापक साहेबांची चिठ्ठी आली आहे, 'आवरतं घ्या' म्हणून. घेतो, साहेब. थोडंच राहिलंय.

चौकशीचा अहवाल झाला. त्यात लिहिलं आहे, 'कामगाराने मशीन बंद असल्याची खात्री केली नाही. निष्काळजीपणा.' माझ्या जबाबात एकच ओळ आहे, 'मी दारात उभा होतो.' खरी ओळ आहे. अक्काने विचारलं होतं, एवढंच त्यात नाही. आणि त्या अहवालाखाली अक्काने डाव्या हाताने सही केली. पहिलीतल्या पोराची असते तशी वेडीवाकडी सही. मी नंतर विचारलं, "अक्का, तू बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तुझी नोकरी गेली असती रे. माझी तर गेलीच आहे."

नऊ दिवसांनी मी त्या सागाच्या पट्टीत पटाशी घातली. अकरा वर्षं जपलेली पट्टी. भोक पाडलं आणि सुरक्षेचं बटण बसवलं. सुरू करायला हिरवं, वर मोठी लाल झडप, गुडघ्याने ढकलली तरी मशीन थांबतं. त्यातली खरी गोष्ट पुढे आहे. लाईट गेली की ते आतून स्वतःच सुटतं. लाईट परत आली तरी हिरवं दाबल्याशिवाय पातं हलत नाही. मी मेन स्विच पाडून आणि चढवून अकरा वेळा पाहिलं. अक्का हिशेब मिटवायला आली होती, तिला दाखवलं. तिने पट्टीवर डावा तळहात फिरवला. भोकाच्या कडेशी थांबली. म्हणाली, "छान झालंय. आता कुणाला विचारायला नको."

यापेक्षा तिने माझ्या मुस्काटात दिली असती तर बरं झालं असतं.

बटणाच्या डबीखाली मी सवयीने तारीख लिहिली. ती व्यवस्थापक साहेबांनी पाहिली आणि मला खोलीत बोलावलं. म्हणाले, "महिनाभर मागची घाल. बटण आधीपासून होतं असं तू लिहून दिलंस की विषय संपला. पेन्सिलच तर आहे!" म्हणजे कारखान्याने बटण दिलं होतं, आणि चूक अक्काची, ती कायमची. मी नाही म्हणालो.

माझा नवा जबाब मी आत्ता अध्यक्षांच्या हातात दिला आहे. त्यात अक्काचा प्रश्न आहे, माझं उत्तर आहे आणि बटण कुठे होतं तेही आहे. मालक, माझं जे करायचं ते करा. पण मानपत्रात जिला 'दक्ष' म्हटलंत, तिला अहवालात 'निष्काळजी' ठेवू नका. दोन्ही कागदांवर तुमचीच सही आहे.

अक्का, खाली बघू नकोस. खाली मी बघायला हवं. तेव्हा वाकलो नाही, आज वाकतो.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आभारी आहे. शिकलेला वक्ता मी नाही. शब्द कमीजास्त झाला असेल, कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर पदरात घ्या. तारखेबद्दल जे बोललो ते मात्र पदरात घेऊ नका, तपासा.

आणि हो, मापाचा माणूस आहे मी, आकडा सांगितल्याशिवाय मला खाली उतरवत नाही. त्या खोलीत मला मुख्य मिस्त्रीची जागा देऊ केली होती, आणि रोख तीन लाख दहा हजार. वरचे दहा हजार कशाचे, असं मी विचारलं. साहेब हसून म्हणाले, "खोडरबराचे."