पौर्णिमेचा कागद

न्हाई, भावना न्हाई दुकानात. बसा ना ताई, त्या स्टुलावर — त्याचा एक पाय डुगडुगतो, भिंतीला टेकवून बसा म्हणजे बराबर बसतो. केदारखेड्याहून आल्या म्हणता? म्हणजे जालन्यापर्यंत एक गाडी, तिथून बदनापूरला दुसरी — एवढ्या उन्हाचं, कवितेसाठी? पाणी घ्या, माठातलं हाय. मी तातेराव, तिचा नवरा. दुकान माझं, झेरॉक्सचं. कागद तिचा. मी हे सातबारे काढून राह्यलो तोवर, तहसीलातला माणूस येऊन बसंल आत्ता डोक्यावर — मशीन चालू असली तरी ऐकू येतं मला, सवय हाय, तुम्ही बोला. कौसल्याताई ना? नाव ऐकल्यासारखं वाटून राह्यलं. तीच बोलली असंल. लई जणांचं बोलायची ती, मी कुठं सगळं ध्यानात ठेवतो.

तुम्हाला फोनवरच येत असंल कागद, भिंतीवरचा पाह्यला नसंल. दर पौर्णिमेला विहारात वंदना झाली की माणसं चपला घालायला बाहेर येतात, तिथं बोर्डावर एक लागतो. एक समोर गोपीकिशनशेठच्या बियाण्याच्या दुकानाला — ते शटर वर करायच्या आधी वाचतात म्हणे, मंग अगरबत्ती. एक कविता, एक लेख, एक चित्र. या महिन्यात हे वाचा, हे पाहा, अन् कामून ते दोन ओळीत. बस, एवढंच. कुठल्याशा लहानशा मासिकात सापडलेलं, कुणी फोनवर टाकलेलं. ती आधी त्या माणसाला फोन लावायची — तुमची कविता आमच्या बदनापूरला लावू का म्हणून. समोरचा पुन्हा पुन्हा इचारायचा, माझीच ना म्हणून. कुणी इचारलेलंच नसतं ना त्याला. एक नर्सबाई होती, तिनं रातपाळीच्या चहावर लेख लिहिल्ता. अंकुशनगरला कारखान्याच्या कॉलनीत एक जण उसाच्या पाचटाची माणसं करतो, हातभर उंचीची, डोक्याला फडकं बांधलेली — त्याचा फोटो लावल्ता तर इथले लोक गाडी करून पाहायला गेल्ते. तो घाबरला, त्याला वाटलं काय चौकशीच आली.

अन् तिचा एक कायदा. जित्या माणसाचंच लावायचं. मेलेल्यांना वाचायला शाळा हाय, पुस्तकं हायेत, जयंत्या हायेत, म्हणायची. जो जिता हाय त्याला कळू द्या की कुणीतरी वाचलं. बिलकुल ऐकायची न्हाई. मी म्हणायचो, एखाद्या वेळी लावलं मेलेल्याचं तर काय बिघडतं — तर अशी पाहायची जसं मी विहारात चपला घालून गेलो.

तुम्हाला बी तिनं मागं तसंच सांगितलं ना, फोनवर पाठवू नका, दुकानात येऊन वाचा? हां. सगळ्यांना सांगायची. लोकांना वाटायचं बाई लई कडक हाय, परीक्षा घेते. परीक्षा कशाची, ताई. मलाच माहीत नव्हतं. ती इथं बसायची, तुम्ही बसल्या तिथंच, अन् मोठ्यानं वाचायची, का ज्याची कविता त्याला वाचायला लावायची. मी आपला आधार कार्डं काढून राह्यलो, जातीचे दाखले काढून राह्यलो, मशीनचा आवाज हा असा. मला त्यातलं काय कळतंय? मी आठवीपर्यंतचा. मधेच मशीन तापायची, मी बंद करायचो. जुनी हाय, हैदराबादहून दुरुस्त करून आणल्ती, तापते — तापायची. थोडं थांबायचं, मंग पुन्हा चालू. तेवढ्यात ती त्या कागदावर पेन्सिलनं गोल काढायची. मला वाटायचं वेळ जाईना म्हणून काढते.

काय म्हणलात? हां — 'म्हणायची', 'काढायची'. बराबर ऐकलं तुम्ही.

न्हाई ती, ताई. मागच्या थंडीत गेली. असू द्या, उठू नका, पाणी प्या. इथं सगळ्यांना माहीत हाय, समदं बदनापूर आल्तं. फोनवाल्यांना तेवढं माहीत न्हाई. तुम्हाला मागच्या पौर्णिमेला आला ना कागद? खाली 'भावना, बदनापूर'? तो तिचाच होता. खोटं न्हाई त्यात. आजारात तिनं पुढचे काढून ठेवल्ते, एकेका महिन्याचे, रबर लावून, त्या खुंटीवरच्या कापडी पिशवीत. ती गेल्यावर पहिली पौर्णिमा आली अन् तिचा फोन वाजायला लागला — ताई, या महिन्याचं? ताई, विसरल्या का? मी काय लिहू त्याच्यावर? मी पिशवीत हात घातला, वरची गड्डी काढली, पाठवली. लोक लिहितात ताई लई छान, ताई रडू आलं. मी दोन हात जोडलेले पाठवतो. नुसते हात. शब्द कुणाचा टाकायचा?

संभाजीनगरच्या दवाखान्यात सांगितलं तिनं मला. मी खाटेजवळ बसून मोसंबी सोलत होतो. दिवसभर तेच — तिला एक फोड जायची न्हाई, तरी मी आपला सोलत राह्यलो, ताटलीत ढीग. ती झोपूनच वाचायची, हळू, दम लागायचा. अन् मधेमधे एखादा कागद उशीखाली सरकवायची. मी म्हणलं, तू निवडते कशावरून गं, मला तर समदं सारखंच वाटतं. तर म्हणली —

"मी कुठं निवडते? तुमचा हात थांबला की मी ठेवून देते."

मला राग आला, ताई. खरं सांगतो. आजारी माणसावर कुणी रागवतं का? पण आला. म्हणलं, मशीन तापते म्हणून बंद करतो मी. ती म्हणली, बरं, तापते. अन् हसली. तेवढंही हसायला तिला जड जात होतं. मंग मी मोसंबी सोलताना मुद्दाम हात चालू ठेवायला लागलो. एवढा मूर्ख मी. तरी पिशवी भरली तिनं. म्हणजे थांबतच असंल हात.

आता गंमत ऐका. ती गेल्यापासून ही मशीन तापलीच न्हाई. एकदा बी न्हाई. सकाळी चालू करतो, कुलूप लावायच्या वेळी बंद. मिस्त्री आल्ता टोनर भरायला, त्याला म्हणलं, हिचं तापायचं कसं गेलं आपोआप? तो म्हणला, काका, ही कधी तापतच नव्हती, हिच्यात तसं काहीच न्हाई. घ्या.

मला काहीच वाटत न्हाई, ताई. हे तुम्हाला कामून सांगून राह्यलो, काय माहीत. तिच्या पुण्यानुमोदनाला बाया रडत होत्या, भंतेजी बोलत होते, अन् मी पाहत होतो की माइकची वायर कुणाच्या पायात येऊ नये. जेवणाला भाजी पुरंल का ते पाहत होतो. लोक म्हणले, तातेराव लई धीराचा. धीर कशाचा. दाढदुखीला डॉक्टर सुई मारतो ना, मंग आपण आपलाच गाल चावतो अन् कळत न्हाई — तसं. जेवतो, झोपतो. तिची साडी दोरीवर किती दिवस तशीच होती, मी तिच्या शेजारी माझा शर्ट वाळत घालत राह्यलो.

अन् आज आषाढी पौर्णिमा. वर्षावास सुरू, संध्याकाळी विहारात गर्दी राहणार, लोक बोर्डाकडं पाहणार. पिशवी रिकामी हाय. मागच्या पौर्णिमेला शेवटची गड्डी गेली. सकाळी मी उलटी करून झटकली, मोसंबीचं वाळलेलं साल पडलं एक. गोपीकिशनशेठ सकाळी आल्ते, त्यांना मी सांगितलं, संपलं. ते आपल्या भिंतीकडं पाहून म्हणले, "तातेराव, बाईसाब गई, पर दीवार मेरी खाली मत रखना." त्यांना काय जातं बोलायला. मी बसलो वाचायला, न्हाई असं न्हाई. तिच्याकडं येणारी मासिकं अजून येतात. माझं माझं वाचलं, मनात. मंग मोठ्यानं वाचून पाह्यलं, मशीन लावून. मीच वाचायचं, मीच मशीन चालवायची, मीच थांबायचं — असं होतं का कुठं? एकाचा हात अन् दुसऱ्याचं तोंड पाहिजे त्याला. मशीन चालूच राह्यली.

म्हणून ठरवलं, आज कागद न्हाई. फोनवर बी काही टाकत न्हाई. दोन महिने इचारतील, मंग विसरतील. तिचं नाव आपलं खाली राहील मागच्या कागदावर, जसंच्या तसं. राहू द्या ना. कुणाचं काय बिघडतं?

तर तुम्ही उगीच आल्या, ताई. लई वाईट वाटतं — म्हणजे वाटायला पाहिजे. आता कविता कुणाला दाखवता? मला दाखवून काय उपयोग. न्हाई, तशी वाचायची असंल तर वाचा, दोन गाड्या बदलून आल्या तुम्ही, तुम्हाला रिकाम्या हातानं कसं पाठवू. पण मी काम थांबवत न्हाई, आधीच सांगतो. जरासक मोठ्यानं वाचा. हां. वाचा.

विहिरीवरची म्हणता? तुमच्या शेतातली? बरं. वाचा, मी मधे बोलत न्हाई.

…

लाइट गेली वाटतं. इथं हे असंच, दिवसातून दहादा — न्हाई, वाचा तुम्ही, अंधार न्हाई झाला. लाइट आली की — पंखा फिरून राह्यला. पंखा तर फिरून राह्यला, ताई.

ते पुन्हा एकदा वाचा. ते मोटरीचं. 'मोटर बंद झाली, तेव्हा कळलं किती वेळचा आवाज होता.' हां, तेच. पुन्हा वाचा ना.

…

मीच केली असंल बंद. तापली असंल.

न्हाई, तापली न्हाई. हात लावून पाहा, गार हाय.

तुम्ही कामून रडून राह्यल्या? तुमची तर कविता हाय. बसा. न्हाई, बसू नका, जालन्याची गाडी निघंल तुमची, पुढची लई उशिरा हाय. तो कागद ठेवा इथं. इथं, काचेवर. उलटा ठेवा. लावू ना आमच्या बदनापूरला? तुम्ही हो म्हणायला पाहिजे, तिनं इचारल्याशिवाय कधी लावली न्हाई. बरं. बरं, समजलं. चित्र-लेख न्हाई यावेळी, एकटी कविताच जाईल.

खाली नाव? तुमचं कवितेखाली. अन् त्याच्या खाली तिचं — न्हाई. तिचं न्हाई येत आता. तिचाच कायदा हाय, जित्या माणसाचंच. ती गेली, हे लिहावं लागंल मला. फोनवाल्यांना बी लिहावं लागंल, एकेकाला. आजच.

जा ताई तुम्ही. जय भीम. जाताना शटर अर्धं खाली ओढा. आज गिऱ्हाईक नको मला.